तुटक रेघ

स्कारकोमच्या चर्चमधली पेटी तीन कुलपांची.
दोन आता नुसतीच लटकतात;
तिसऱ्याची किल्ली मला मिळाली, सही करून,
चार वाजेपर्यंत.

लॅव्हरकसाहेबांना दिवाणखान्यात वंशवृक्ष लावायचाय,
ओकच्या चौकटीत, पाहुण्यांना उभ्याउभ्या वाचता येईल असा.
मी चाळीस वर्षं शाळेत पोरांची गिचमीड वाचली,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

बाप्तिस्मे पुढून, दफनं मागून,
एकाच वहीत. मधे जिथे गाठ पडायची
तिथे दोन पानं कोरी आहेत.
शाई लॅव्हरकांच्या ओकवरच्या गाठींची,
पानांचं कातडं त्यांच्याच मेंढ्यांचं,
पाद्रीही त्यांनीच नेमलेला.
थरथरणारा हात तेवढा त्याचा स्वतःचा.

पहिला अँब्रोज सोळाशे एकतीसच्या एप्रिलात जन्मला
आणि सोळाशे एकतीसच्याच फेब्रुवारीत पुरला.
मी चष्मा पुसला.
मग आठवलं: तेव्हा नवं साल पंचवीस मार्चला लागायचं,
फेब्रुवारी वर्षाच्या शेपटीला.
पोर जन्माआधी गेलं नव्हतं.
दहा महिने जगलं, दात आले असतील.

दुसऱ्यालाही तेच नाव. तिसऱ्यालाही.
थोरल्याचा अंगरखा धाकट्याला यावा
तसं ते उतरत गेलं,
पुरतं वाळायच्या आत.

ज्यांच्यापुढे 'गरीब, फी नाही' एवढंच आहे
ते मला उतरवायचे नाहीत.
साहेब म्हणाले, फक्त आमचे.
तरी थिओफिला बंच, धोबीण, वय ठाऊक नाही,
हिचं नाव मी पुठ्ठ्याच्या आत टिपून ठेवलं.
का, ते विचारू नका.

मग सतराशे चौतीसचा नोव्हेंबर.
गर्व्हस लॅव्हरकचा एकुलता अँब्रोज,
तीन दिवसांचा, पुरला.
नोंद चाकूने खरवडलीय, पण खिडकीशी धरली की उठते.
खालच्याच ओळीत त्याची आई.
आणि अठरा दिवसांनी, त्याच पानावर, बाप्तिस्मा नसलेल्या बाजूला,
घाईत लिहिलेला एक बाप्तिस्मा:
अँब्रोज, दुधाच्या कोठीतल्या टॅम्झिन क्राउचचा मुलगा,
बाप कोण ते ती सांगत नाही.

हा मुलगा पुन्हा कुठेच नाही.
ना दफन, ना लग्न, ना गाव सोडल्याची चिठ्ठी.
तो तीन दिवसांचा मात्र
बाविसाव्या वर्षी लग्न करतो,
सात मुलं, खिडक्यांवरचा कर, कोल्ह्यांची शिकार,
आणि आजही उत्तरेच्या भिंतीला
संगमरवरात गुडघे टेकून आहे.

त्या लग्नाला साक्षीदार एक मेजर, एक वकील, नवरीचा मामा.
सगळ्यांत खाली, कागद संपता संपता,
टॅम्झिन क्राउच, तिची खूण:
एक फुली.
इतकी दाबून काढलेली
की मागच्या पानावरच्या परक्या लग्नात उमटलीय.

साडेतीन झाले. पाद्रीबाईंनी चहा आणलाय,
पेटीपासून लांब ठेवा, म्हणतात.
साहेब माणूस वाईट नाही,
नाताळात गावाला स्वतः लाकडं पोचवतो.
त्याच्या डाव्या गालाला खळी आहे,
भिंतीतल्या त्या माणसालाही.
टॅम्झिनला होती का, हे कुणी लिहीत नसतं.
मूल गर्व्हसचंच असेल, तर रेघ मोडत नाही,
फक्त कोठीतून वळून येते.
नसेल तर,

मी गर्व्हसखाली पेन्सिल टेकवली
आणि तुटक रेघ ओढली, अगदी बारीक तुकड्यांची.
चार पावलं मागे गेलं की सलग दिसते.
साहेब जवळून वाचतात की लांबून, मला माहीत नाही.
खोडरबर पिशवीत आहे.
किल्ली द्यायला अजून वीस मिनिटं.